मात्र्योश्का किती जुनी? एकात एक बसणाऱ्या रशियन बाहुल्यांचं गाव आणि वय ओळखायची रीत

आधी एक सीमा आखून घेऊ. १८९० च्या दशकाआधीची मात्र्योश्का जगात नाही. त्यामुळे "दोनशे वर्षांपूर्वीची, झारच्या काळातली" असं कुणी सांगितलं, तर त्यातला पहिला भाग अशक्य आणि दुसरा भाग फार क्वचित खरा. रशियात झारशाही १९१७ पर्यंत होती, म्हणजे त्या काळातल्या बाहुल्या जेमतेम वीस-पंचवीस वर्षांच्या उत्पादनातल्या. त्यातल्या चांगल्या नगांनी संग्रहालयांत आणि मोठ्या लिलावांत केव्हाच जागा पटकावली आहे.

पहिली बाहुली मॉस्कोत अनातोली मामोंतोव यांच्या खेळण्यांच्या कार्यशाळेत झाली. लाकूड कातलं वासिली झ्व्योझ्दोच्किन यांनी, रंगवलं चित्रकार सेर्गेई माल्यूतिन यांनी. आठ नगांचा तो संच होता. सगळ्यांत बाहेरची मुलगी काखेत काळा कोंबडा घेतलेली, सगळ्यांत आत दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. सेर्गियेव पोसाद इथल्या खेळण्यांच्या संग्रहालयात तो संच आहे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात या खेळण्याला कांस्यपदक मिळालं आणि परदेशातून मागणी सुरू झाली. मूळ कल्पना जपानी बाहुलीवरून आली का, यावर लोक हिरीरीने वाद घालतात. तुमच्या हातातल्या बाहुलीचं वय ठरवायला त्या वादाचा उपयोग शून्य.

आपल्याकडच्या शोकेसमध्ये दिसणाऱ्या बाहुल्या बहुतेक दोन गटांतल्या असतात. एक, सोव्हिएत काळात शिकायला, कामाला किंवा शिष्टमंडळातून गेलेल्या नातलगांनी आणलेल्या. दोन, गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पर्यटकांनी किंवा तिकडे वैद्यकीय शिक्षणाला गेलेल्या मुलांनी आणलेल्या. हे दोन गट वेगळे करता आले की निम्मं काम झालं.

एक गोष्ट पक्की धरा: बाहुलीवरची कुठलीही एक खूण नेमकं साल सांगत नाही. ती फक्त "याच्या आधीची नाही" किंवा "याच्या नंतरची नसावी" एवढंच सांगते. अशा चार-पाच खुणा एकमेकींशी जुळल्या की दहा-पंधरा वर्षांचा पट्टा हाती येतो. त्याहून नेमकं साल कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर बाहुलीवर तारीख लिहिलेली आहे का ते बघा. नसेल तर तो अंदाजच.

उघडताना

लाकडी कुंकवाच्या करंड्याचं झाकण काढतो तशी उघडायची: दोन्ही भाग सरळ रेषेत धरून, हलके हलवत, वर ओढत. पिळून उघडली की सांध्यावरचा रंग खरवडला जातो, आणि जुन्या नगांवर तोच ओरखडा सगळ्यांत आधी दिसतो. मुंबई-कोकणात पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि सांधा घट्ट बसतो. जोर लावू नका. कोरड्या खोलीत, पंख्याखाली काही दिवस राहू द्या, सुटते. तेल, साबण, केस वाळवायचं गरम यंत्र, यातलं काहीही नको.

सगळे नग उघडून उतरत्या क्रमाने मांडा, प्रत्येक वरचा भाग आपल्या खालच्या भागासमोर. चांगल्या उजेडात समोरून, मागून आणि बुडाचे फोटो काढून घ्या. पुढचं सगळं काम या मांडणीवर चालतं.

पहिली पायरी: गाव ओळखा

वयाच्या आधी गाव. रशियात या बाहुलीची काही ठळक घराणी आहेत आणि प्रत्येकाचा बाज वेगळा आहे. मॉस्कोची कार्यशाळा बंद झाल्यावर काम जिथे गेलं, ते सेर्गियेव पोसाद. जुनं मठाचं गाव, खेळणी करायची परंपरा आधीपासूनची. इथली बाहुली बुटकी, ठुसकी असते; डोक्यापासून खांद्यावरून खालच्या पोटापर्यंतची रेषा सलग उतरते. रंग गॉशचे, अपारदर्शक, त्यावर लाख-वार्निशचा थर. डोक्याला रुमाल, सराफान नावाचा बिनबाह्यांचा झगा, पुढे ॲप्रन. चेहरा साधा. क्रांतीआधीच्या काळात इथे विषयही भरपूर असत: सरदार आणि त्यांच्या बायका, लोककथा, गोगोलच्या कथांमधली पात्रं, नेपोलियनशी झालेल्या युद्धाच्या १९१२ मधल्या शताब्दीसाठी रशियन सेनापती कुतुझोव आणि नेपोलियन. तापलेल्या सुईने लाकूड जाळून रेषा काढण्याचं कामही इथे होई. ते नंतर मागे पडलं आणि सोव्हिएत काळ संपताना पुन्हा वर आलं, म्हणून जळक्या रेषा दिसल्या की लगेच "शंभर वर्षं जुनी" म्हणू नका.

सेम्योनोव हे नीज्नी नोवगोरोद प्रांतातलं गाव. आपल्या डोळ्यांसमोर "रशियन बाहुली" म्हणून जी येते, ती बहुतेक वेळा इथलीच: पिवळा रुमाल, लाल अंग, पोटावर मोठ्या गुलाबांचा गुच्छ. वरचा भाग सडपातळ आणि मग एकदम रुंद होणारं पोट. रंग ॲनिलिनचे, पाण्यासारखे पातळ, त्यामुळे रंगाखालून लाकडाच्या रेषा दिसतात आणि काही भाग न रंगवता तसाच सोडलेला असतो. गॉश आणि ॲनिलिन हा फरक ओळखायला नखाचीही गरज नाही. भिंगातून बघा, लाकडाच्या रेषा रंगाखाली झाकल्या गेल्या आहेत की रंगातून आरपार दिसतात? इथली सुरुवात १९२२ मध्ये शेजारच्या मेरिनोवो गावात आर्सेंती मायोरोव यांच्या घरातून झाली असं सांगितलं जातं. म्हणजे सेम्योनोवचा बाज असलेली बाहुली झारच्या काळातली असण्याचा प्रश्नच मिटतो.

पोल्खोव्स्की मैदान त्याच प्रांताच्या दक्षिणेला. (नाव वाचून आपलंच गाव वाटतं.) बाहुली लांबट, डोकं लहान. रंग भडक आणि बिनधास्त: किरमिजी, जांभळा, हिरवा, पिवळा. पोटावर रानगुलाबाचं फूल, अनेक पाकळ्यांचं, काळ्या शाईच्या कडेचं. लाकडावर आधी बटाट्याच्या स्टार्चचा हात देतात, म्हणून रंग पसरत नाही आणि झळाळतो. या बाहुल्या कारखान्याइतक्याच घराघरांत होत आणि बाजारात थेट विकल्या जात. त्यामुळे यांच्या बुडावर शिक्का नसणं अगदी स्वाभाविक आहे. नवखे लोक शिक्का नाही म्हणून हिला नकली ठरवतात आणि चांगली बाहुली हातची घालवतात.

व्यात्का, म्हणजे आजचं कीरोव, ओळखायला सगळ्यांत सोपं. रंगावर गव्हाच्या किंवा राय नावाच्या धान्याच्या काडाचे चपटे केलेले तुकडे चिकटवून नक्षी केलेली असते. बाहुली तिरकी धरली की ते सोन्यासारखे चमकतात. हे काडकाम तिथे १९६० च्या दशकापासूनचं. बेलारूसमध्येही काडाची नक्षी करतात, म्हणून इथे बुडावरचा शिक्का वाचणं गरजेचं.

त्वेर आणि योश्कर-ओला इथल्याही बाहुल्या बाजारात येतात. नवख्याने त्यांच्यासाठी शिक्क्यावरच विसंबावं.

दुसरी पायरी: बूड वाचा

रशियन येत नसलं तरी चालेल. काही अक्षरांचे आकार लक्षात ठेवले की पुरे.

सगळ्यांत कामाची खूण म्हणजे गावाचं नाव, कारण सोव्हिएत राजवटीने गावांची नावं बदलली आणि राजवट जाताना ती परत बदलली. सेर्गियेव पोसादचं नाव १९३० ते १९९१ या काळात झागोर्स्क होतं. शिक्क्यावर या नावाचं पहिलं अक्षर इंग्रजी तीनच्या आकड्यासारखं दिसतं. झागोर्स्क वाचलंत की बाहुली या साठ वर्षांतली. शिक्क्यावर सेर्गियेव पोसाद असेल तर ती १९९१ नंतरची, किंवा (जवळजवळ कधीच नाही) फार जुनी. नीज्नी नोवगोरोदचं नाव १९३२ ते १९९० गोर्की होतं; सेम्योनोवच्या लेबलांवर "गोर्की प्रांत" असं येतं. त्वेर १९३१ ते १९९० कालीनिन होतं. व्यात्काचं १९३४ मध्ये कीरोव झालं आणि ते नाव शहराला आजही आहे, म्हणून त्यावरून वरची मर्यादा मिळत नाही. एक सावधगिरी: गावाचं नाव बदललं म्हणून कारखान्यातले रबरी शिक्के त्याच संध्याकाळी कुणी फेकून देत नाही. दोन-तीन वर्षं इकडेतिकडे धरायचीच.

दुसरी खूण देशाची. रोमन लिपीतल्या सी-सी-सी-पी सारखी दिसणारी चार अक्षरं म्हणजे रशियन लिपीतलं एसएसएसआर, सोव्हिएत संघ: १९२२ ते १९९१. इंग्रजीत "मेड इन यूएसएसआर" असेल तर माल निर्यातीसाठी होता. "मेड इन रशिया" म्हणजे बहुतेक वेळा १९९१ नंतर.

तिसरी, किंमत. चौकोनी यू आणि त्याला खाली छोटी शेपटी असं अक्षर दिसलं, पुढे आकडा आणि मग रूबल-कोपेकची आद्याक्षरं (रोमन पी आणि के सारखी), की ती छापील सरकारी किंमत. देशातल्या दुकानांसाठीचा माल. जानेवारी १९९२ मध्ये किमतींवरचं नियंत्रण उठलं, त्यामुळे अशी छापील किंमत ही सोव्हिएत काळाची खूण मानता येते. १९६१ च्या सुरुवातीला नवं चलन आलं आणि दहा जुन्या रूबलचा एक नवा झाला. लहानशा संचावर मोठ्ठी किंमत दिसली तर १९६१ च्या आधीचा शक्य आहे, पण नुसत्या किमतीवरून निकाल देऊ नका.

चौथी खूण लोकांच्या नजरेतून सुटते आणि माझ्या मते ती सगळ्यांत गोड आहे: मानक क्रमांक. लेबलवर गोस्त, ओस्त किंवा आरएसटी (रोमन पी-सी-टी सारखं दिसतं) अशी अक्षरं, पुढे एक क्रमांक, मग आडवी रेघ आणि दोन अंक. ते शेवटचे दोन अंक म्हणजे ते मानक मंजूर झाल्याचं साल. ७५ असेल तर बाहुली १९७५ च्या आधीची असूच शकत नाही. नंतरची कितीही असेल, ते वेगळं.

ओटीके ही तीन अक्षरं (रोमनसारखीच दिसतात) म्हणजे कारखान्याच्या गुणवत्ता तपासणी विभागाचा शिक्का. सोव्हिएत कारखान्याचा माल, एवढंच त्यावरून कळतं. पंचकोनी गुणवत्ता चिन्ह असेल तर १९६७ नंतरची. कारागिरांच्या सहकारी संस्थांना "आर्तेल" म्हणत. १९६० पर्यंत त्या सरकारी कारखान्यांत विलीन झाल्या, म्हणून पूर्ण शब्द आर्तेल असेल तर त्याआधीची. पण नुसतं "आर्त." आणि पुढे आकडा असेल तर तो मालाचा क्रमांक आहे, आर्तेल नव्हे. या एका टिंबापायी कित्येक बाहुल्या विक्रीच्या वर्णनात वीस-तीस वर्षांनी म्हाताऱ्या झाल्या आहेत.

क्रांतीआधीच्या दाव्यासाठी लिपी तपासा. जुन्या लेखनात व्यंजनाने संपणाऱ्या शब्दांच्या शेवटी, लहान बी-सारखं पण डावीकडे शेंडी असलेलं अक्षर लावत. १९१८ च्या लेखनसुधारणेत ते शब्दाच्या शेवटून गेलं. "१९१० ची" म्हणून दाखवलेल्या बाहुलीच्या लेबलवर सेर्गियेव पोसाद हे शब्द या शेंडीवाल्या अक्षराशिवाय असतील तर लेबल खोटं. उलट ते अक्षर आहे म्हणून बाहुली खरी ठरत नाही. १९९० नंतर जुन्या थाटाची हौस म्हणूनही ते वापरलं गेलं.

कागदी लेबलसाठी नोटा तपासायची जांभळी टॉर्च वापरा. कागद उजळ दिसावा म्हणून घालायची रसायनं साधारण १९५० च्या दशकापासून रुळली. १९३० चं म्हणवणारं लेबल त्या उजेडात निळंशार चमकलं तर पुढे बोलायचं कारण नाही.

तिसरी पायरी: नग मोजा

सगळ्यांत लहान नग भरीव असतो. कातारी आधी तोच कातून घेतो आणि त्यावरून बाहेरच्या बाहुल्यांची मापं वाढत जातात. शेवटचा नग उघडत असेल आणि आत पोकळी रिकामी असेल, तर बाळ हरवलं आहे. मधला हरवला असेल तर उंचीच्या उतरणीवरून कळतं: मांडलेल्या रांगेत दोन शेजारणींमधला फरक अचानक दुप्पट दिसला की समजा. आतली बाहुली बाहेरचीत खुळखुळत असेल, तर हरवलेल्या जागी दुसऱ्या संचातला नग घुसवलेला असण्याचीही शक्यता आहे. बुडाच्या लाकडाचा रंग आणि भुवयांची रेघ शेजारच्यांशी ताडून बघा. एकाच हाताने रंगवलेल्या भुवया ओळखू येतात.

लेबलवर नगांची संख्या छापलेली असेल तर प्रश्नच नाही. जास्त नग म्हणजे जास्त जुनी, हा मात्र गैरसमज. सेम्योनोवमध्ये १९७० साली तब्बल ७२ नगांची, मीटरभर उंच बाहुली झाली होती.

चौथी पायरी: लाकूड, रंग, वार्निश

लाकूड बहुधा लिंडेनचं, कधी बर्च किंवा आल्डरचं. झाड वसंताच्या सुरुवातीला तोडायचं, साल जवळजवळ सगळी सोलायची पण थोडे पट्टे ठेवायचे म्हणजे चिरत नाही, आणि निदान दोन वर्षं हवेवर सुकवायचं. नव्या बाहुलीचं आतलं लाकूड फिकट, जवळजवळ पांढरं असतं. जुन्याचं मधासारखं होतं, पण एकसारखं नाही: हवा लागलेली कड गडद, आतला तळ फिका. चहाच्या पाण्याने किंवा डाय लावून म्हातारी केलेली बाहुली नेमकी इथे पकडली जाते, कारण तिचा रंग सगळीकडे सारखा असतो, सांध्याच्या आतल्या ओठावरसुद्धा.

ॲनिलिनचे रंग उन्हाने उडतात. त्यामुळे वर्षानुवर्षं शोकेसमध्ये बंद उभ्या असलेल्या संचात बाहेरची बाहुली फिकी आणि आतल्या ताज्या असायला हव्यात. बंद ठेवलेली होती म्हणतात आणि सगळ्या सारख्याच फिक्या आहेत, तर कुठेतरी पाणी मुरतंय. झीजही अशीच वाचायची: बुडाची कड, डोक्याचा माथा आणि सांधा इथे ती नैसर्गिक. गालाच्या मधोमध सुबक ओरखडे असतील तर ते कुणीतरी बसून पाडलेले.

पाचवी पायरी: सही आणि चेहरे

सोव्हिएत काळात ही कारखान्याची वस्तू होती, चित्रकाराचं नाव क्वचितच येई. खाजगी कारागिरीला मोकळीक देणारा कायदा मे १९८७ पासून लागू झाला आणि मॉस्कोच्या अर्बात रस्त्यावर आणि इझमाइलोवो बाजारात सही केलेल्या बाहुल्यांचा पूर आला. मोठ्या बाहुलीच्या बुडावर सही, गाव आणि कधी साल. रशियन "जी" हे अक्षर (उलट्या एल-सारखं) नावाआधी आलं तर "शहर", आकड्यानंतर आलं तर "साल". सोनेरी वर्ख, बारीक निसर्गचित्रं, परीकथांचे प्रसंग हे सगळं बहुतांशी या काळापासूनचं.

नेत्यांच्या बाहुल्यांचं वय तर तोंडावरच असतं. बाहेर गोर्बाचेव्ह असतील तर १९८५ ते १९९१ च्या आसपास, येल्त्सिन असतील तर १९९० चं दशक. बाहेर मेदवेदेव म्हणजे २००८ ते २०१२. बाहेर पुतिन आणि लगेच आत मेदवेदेव म्हणजे बहुधा २०१२ नंतरची.

रशियन नसलेल्या बहिणी

चीनमध्ये अशा बाहुल्या मोठ्या प्रमाणावर बनतात. चेहरे कार्टूनसारखे, मोठे डोळे, चिकटचित्रं किंवा छापील नक्षी, लाकूड हलकं आणि वार्निश जाड. भिंगातून छपाईचे ठिपके दिसले की विषय संपला. आपल्याकडे कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्याही एकात एक बाहुल्या मिळतात. सावंतवाडीच्या लाखकामाची चकाकी ज्यांना ठाऊक आहे त्यांना फरक सांगावा लागणार नाही: लेथवर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून रंग चढवल्यामुळे पट्टे गोल गोल, सलग येतात. रशियन बाहुलीवर रंग कुंचल्याने. चन्नपट्टणची बाहुली वाईट नव्हे, मला आवडतेही. पण कुणी ती "रशियन अँटिक" म्हणून विकू नये.

आता निकाल लावा

समजा दहा नगांचा संच आहे. पिवळा रुमाल, गुलाब, पातळ रंग: सेम्योनोव, म्हणजे १९२२ नंतर. लेबलवर गोर्की प्रांत: १९३२ ते १९९०. मानक क्रमांकाचा शेवट ७५: खालची मर्यादा सरकून १९७५. छापील रूबल किंमत या पट्ट्याशी जुळते. नोंद अशी करायची: "सेम्योनोव, १९७५ ते १९९०, दहापैकी दहा नग, सातव्याच्या सांध्याला चीर." काकांनी ती १९८२ मध्ये मॉस्कोहून आणली असं घरचे सांगत असतील तर तेही लिहा, पण वेगळ्या ओळीत, "घरच्यांच्या सांगण्यानुसार" असं म्हणून. पासपोर्टवरचा शिक्का किंवा मागे तारीख असलेला जुना फोटो सापडला तर वरची मर्यादा १९८२ वर आणता येते.

लेबल सोलू नका, शिक्का पुसू नका, नव्याने वार्निश मारू नका. कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झाडा. आणि बुडाशी पिठासारखा भुसा दिसला तर ती बाहुली त्याच दिवशी बाकीच्यांपासून दूर, पिशवीत बंद करून ठेवा. भुंगा लागला आहे आणि तो गाव, साल काही बघत नाही.